चिनी मुलांची शिकवणी : एका गिऱ्हाइकावरचा धंदा

परदेशातील मुलांना घरबसल्या इंग्रजी शिकवा आणि पैसे मिळवा, अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर येत असतात. मिरजेसारख्या गावात बी.ए., बी.एड. झालेल्या, पण घराबाहेर नोकरी करणे शक्य नसलेल्या मुली पुष्कळ आहेत. त्यांना हे काम सोयीचे वाटते आणि ते रास्तच आहे. परंतु धंद्यात उतरण्यापूर्वी पेठेची माहिती घ्यावी लागते. या शिकवणीची फार मोठी पेठ चीनमध्ये होती. ती कशी भरली आणि कशी उठली, हे आपल्या तरुणांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

पेठ कशी भरली?

चीनमध्ये २०१५ पर्यंत एका जोडप्याला एकच मूल असे सरकारी धोरण होते. त्यामुळे आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांचे सारे लक्ष त्या एका मुलावर. कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी विषय असल्याने शिकवणीला मागणी मोठी. ही मागणी ओळखून बीजिंगमध्ये २०१३ साली व्हीआयपीकिड नावाची कंपनी निघाली. एक शिक्षक, एक मूल आणि २५ मिनिटांचा तास अशी तिची पद्धत. शिक्षक अमेरिका व कॅनडातले, कंत्राटी, तासाला साधारण १४ ते २२ डॉलर मिळवणारे. २०१८ च्या सुमारास कंपनी ५ लाख विद्यार्थी आणि ६० हजार शिक्षक असल्याचे सांगत होती. बीजिंगमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा अमेरिकेत पहाट किंवा सकाळ असते. त्यामुळे तिकडच्या कितीतरी गृहिणी पहाटे चारला उठून हे तास घेत.

फिफ्टीवन टॉक या दुसऱ्या कंपनीने २०११ पासून वेगळा हिशेब मांडला. तिने फिलिपाईन्सचे शिक्षक घेतले. त्यांचा मोबदला कमी, इंग्रजी चांगले आणि घड्याळ बीजिंगचेच. हजारो फिलिपिनो घरांत या कामाने चूल पेटली. आपली वेळही तशी सोयीची होती. बीजिंगचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथली संध्याकाळ ही आपली दुपार. तरीही या पेठेत भारतीयांना फारशी जागा मिळाली नाही. चिनी पालकांना अमेरिकन उच्चार हवे होते. त्यातच जून २०२० मध्ये गलवानची चकमक झाली, आपल्या सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि दोन देशांतील व्यवहार अवघड झाले.

एका फर्मानाने काय झाले?

२४ जुलै २०२१ रोजी चीन सरकारने नवे धोरण जाहीर केले. मुलांवरचा गृहपाठाचा आणि खासगी शिकवणीचा बोजा कमी करणे हा त्याचा हेतू. शालेय विषयांच्या शिकवण्यांना नफा कमावण्यास मनाई झाली, सुट्टीच्या दिवशीचे वर्ग बंद झाले आणि देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवून घेण्यावर बंदी आली. शिकवणीच्या खर्चाने पालक पिचले होते आणि जन्मदर घसरत होता. त्यामुळे चीन सरकारच्या दृष्टीने या निर्णयाला कारण होते. पण ज्यांची रोजी त्यावर होती, त्यांना कोणी विचारले नव्हते. ऑगस्टमध्येच व्हीआयपीकिडने परदेशातील शिक्षकांच्या तासांची नवी विक्री थांबवली. बाइटडान्सची गोगोकिड बंद झाली. फिफ्टीवन टॉकने २०२२ मध्ये चीनमधला धंदा विकून आपला कारभार सिंगापूरकडे नेला आणि इतर देशांतील मुले शोधली.

न्यू ओरिएंटल या जुन्या शिकवणी कंपनीने २०२१ मध्ये ६० हजार माणसे कमी केली. नंतर तिचे काही शिक्षक इंटरनेटवर थेट प्रक्षेपणातून तांदूळ आणि शेतमाल विकू लागले. माल दाखवता दाखवता ते इंग्रजी शब्दही शिकवत. जून २०२२ मध्ये त्यांच्यासमोर लाखो गिऱ्हाइकांची गर्दी झाली. दुकान बदलले, हुनर तोच कामी आला.

आपल्याकडचा दाखला

असे फक्त परक्या मुलखात घडते असे समजू नये. मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनियर कंपनीत हजारो भारतीय महिला घरातून मुलांना कोडिंग शिकवत होत्या. त्यांचे काही विद्यार्थी परदेशातले होते. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने ही कंपनी ३० कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे बायजूजच कर्जात बुडाली आणि २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. तिथे कोणाचे फर्मान नव्हते, मालकाचा हिशेब चुकला होता. शिकवणाऱ्या बाईच्या दृष्टीने परिणाम मात्र सारखाच.

कापडाच्या धंद्यात जुनी माणसे सांगत, सारा माल एकाच पेढीला देऊ नये. ती पेढी कितीही मोठी असो, तिने पाठ फिरवली की आपले दुकान बसते. शिकवणीलाही हाच नियम लावावा. एका कंपनीकडून किंवा एका देशातून निम्म्याहून अधिक उत्पन्न येऊ देऊ नये. काम देण्यापूर्वी नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला दूर ठेवावे. मुलाने ऐनवेळी तास रद्द केला तर पैसे मिळणार की नाही, हे आधी लेखी घ्यावे. दर महिन्याची जमा वहीत लिहावी.

शिवाय कंपनीबाहेरचे स्वतःचे चार-सहा विद्यार्थी हवेतच. आखातात राहणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना मराठी-उर्दू समजणारी इंग्रजीची शिक्षिका उपयोगी पडेल. सौदी अरेबियात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा मिरजेत साडेसात होतात. घरचे काम आवरून एक तास सहज घेता येतो. गल्लीतली मुलेही आहेत. उर्दू किंवा मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांना इंग्रजी वाचता येते, पण बोलताना जीभ अडखळते. त्यांची फी डॉलरमध्ये मिळणार नाही, पण दुसऱ्या देशातल्या कायद्याने ती बंदही पडणार नाही.

ज्या मुली हे काम करू इच्छितात त्यांना घरच्यांनी अडवू नये. एक शांत खोली, बरा मोबाईल आणि ठरलेली वेळ एवढे भांडवल त्यांना द्यावे. पहिल्या सहा महिन्यांचा हिशेब त्यांच्याबरोबर बसून पाहावा आणि पुढचे मग ठरवावे.