कोअर कुठला घ्यायचा, राव?

फिल्टर डिझाइनचं पान पुस्तकात असतं, पण 'कोअर कशाचा?' हे कोणी सांगत नाही. व्हायवात विचारलं तर आपण छातीठोकपणे 'फेराइट' म्हणून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं.

माझा रूम पार्टनर वसईच्या पाचूबंदरचा. काकांची मासेमारीची बोट आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा काका म्हणाले, "इंजिन चालू केलं की वायरलेस नुसता खरखरतो. तुम्ही इंजिनियर ना, बघा जरा." बोटीवरच्या व्हीएचएफ सेटचा 16 नंबरचा चॅनल म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. संकटात हाक मारायची ती याच चॅनलवर. तेव्हा हा काही सबमिशनचा विषय नव्हता.

खरखर आल्टरनेटरची होती आणि पुरवठ्याच्या वायरीतून येत होती. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकत्र धरून 43 नंबरच्या फेराइट रिंगमधून चार-पाच वेढे काढले. खरखर बरीच कमी झाली. 25 वॉटचा सेट बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, पण दोन वायरींतला करंट उलटसुलट असल्याने चुंबकत्व एकमेकांना मारतं आणि कोअर सॅच्युरेट होत नाही.

इथे मला शिंगं फुटली! परत आल्यावर लॅबमध्ये ट्रान्समीटरच्या लो-पास फिल्टरची नक्कल बनवली आणि कॉइलमध्ये तोच फेराइट घातला. (बोटीच्या सेटला हात लावला नाही, हे नशीब.) वॉटमीटरची सुई खाली बसली, कोअर हाताला चटका देऊ लागला. बोटीवर असं झालं असतं तर काकांची हाक किती लांब गेली असती?

कारण साधं आहे. कोअरच्या पर्मिएबिलिटीचे दोन भाग असतात : एक ऊर्जा साठवतो, दुसरा तिची उष्णता करतो. 43 फेराइटची पर्मिएबिलिटी सुमारे 800, पण काही मेगाहर्ट्झच्या वर दुसरा भाग वरचढ होतो. नको असलेला गोंगाट जाळायचा असेल तर हा गुण, सिग्नल पुढे पाठवायचा असेल तर तोच अवगुण.

एचएफला, म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झला, लोहचूर्णाचे टोरॉइड बरे. लोखंडाचे बारीक कण एकमेकांपासून इन्सुलेट केलेले असतात. पर्मिएबिलिटी जेमतेम 10, पण नुकसान कमी आणि तापमानाला स्थिर. लाल रंगाचा 2 नंबर, पिवळा 6 नंबर. पिवळा जास्त स्थिर. हॅमच्या 7 मेगाहर्ट्झच्या फिल्टरला 1.4 मायक्रोहेन्री हवेत असं समजा. टी-50-2 चा एएल 4.9 नॅनोहेन्री, म्हणून 1400 भागिले 4.9, त्याचं वर्गमूळ : 17 वेढे. त्याच मापाच्या 43 फेराइटवर दोन वेढ्यांत काम होतं, म्हणूनच मोह होतो. मोह टाळा!

व्हीएचएफला मात्र सगळ्यात चांगला कोअर फुकट मिळतो : हवा. 6 मिलिमीटर व्यासाचे 5 वेढे, लांबी 8 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 83 नॅनोहेन्री. दाबून 6 मिलिमीटर केले की 102. ट्यूनिंग बोटाने! पण बोटीवर हादरे बसतात, म्हणून जुळल्यावर कॉइल पक्की चिकटवायला विसरू नका.

शेवटची गोष्ट. लॅमिंग्टन रोडवरून सुटे कोअर आणले तर रंगावर भरवसा ठेवू नका. 20 वेढे घाला, एलसीआर मीटरवर मोजा, 400 ने भागा, एएल मिळेल. 2 मायक्रोहेन्रीच्या आसपास आलं तर लोहचूर्ण, शंभराच्या वर गेलं तर फेराइट. मग पॉवर देऊन पाच मिनिटांनी हात लावून बघा (आधी पॉवर बंद करा!). गरम लागला तर तुमचा सिग्नल तिथेच जळतोय.

काकांचा सेट आता नीट ऐकू येतो. आम्हाला मजुरी म्हणून सुके बोंबील मिळाले. हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्याला वास आला, त्याबद्दल क्षमस्व.