नियम नावाशी की जागेशी?

संकेतस्थळाच्या पानाला दोन अंगे असतात. शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे संपतो हे एचटीएमएल सांगते. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हे सीएसएस ठरवते. होकून व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या या कल्पनेला डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची अधिकृत मान्यता मिळाली. तोवर रंगाच्या सूचना मजकुरातच पेरल्या जात आणि एक छटा बदलायची तर पानामागून पान उघडावे लागे.

रचना आणि रूप यांची पूर्ण फारकत होऊ शकते, हा विश्वास २००३ मध्ये डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ने दृढ केला. एचटीएमएलला हात न लावता, केवळ स्टाइलशीट बदलून एकाच पानाची अनेक रूपे तेथे मांडली गेली. मात्र त्या पानाच्या अंतरंगात डोकावले, तर जवळजवळ प्रत्येक भागाला नाव दिलेले आणि शेवटी काही पोकळ कप्पे निव्वळ सजावटीसाठी राखलेले आढळतात. अवलंबित्व संपले नव्हते. ते आधीच ठरवून घेतले होते, इतकेच.

खरा प्रश्न नियम कशाशी बांधावा, हा आहे. ‘बाजूच्या स्तंभातील दुसऱ्या यादीचा पहिला दुवा लाल’ हा नियम जागेशी बांधलेला आहे. वर आणखी एक यादी घातली की लाल रंग भलत्याच दुव्यावर जातो. त्याच दुव्याला ‘इशारा’ असा क्लास दिला, तर तो कोठेही हलवला तरी रंग सोबत जातो. यांडेक्समध्ये घडलेली ‘बेम’ ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. २०१७ मध्ये आलेल्या ‘टेलविंड’ने रूपाची नावे थेट एचटीएमएलमध्ये आणली. अनेकांना त्यात जुन्या फॉन्ट-खुणांचे पुनरागमन दिसले. पण तीच ती चौकट एकाच ठिकाणी लिहून सर्वत्र वापरली जात असेल, तर हा आक्षेप फारसा टिकत नाही.

बातमी किंवा लेखाच्या मजकुराचे मात्र वेगळे आहे. उपसंपादक प्रत्येक परिच्छेदाला क्लास देत बसणार नाही. तेथे शीर्षक, अवतरण, यादी या रचनेवरच रूप बेतणे उचित. त्याची उलट बाजू अधिक घातक असते. अक्षरे लहान हवीत म्हणून मुख्य शीर्षकाऐवजी चौथ्या पातळीचे शीर्षक वापरले, तर डोळस वाचकाला काहीच खटकत नाही. स्क्रीन रीडरच्या साहाय्याने शीर्षकांवरून उड्या घेत वाचणाऱ्या अंध वाचकाला मात्र तो मुख्य विषय एखाद्या उपविभागात दडलेला भासतो. अक्षरे लहान करण्यासाठी सीएसएसची एक ओळ पुरली असती.