दुष्ट नाही, अजाण आहे!

“धाकटीला ढकललं आणि वर हसतोय मेला!” ही तक्रार घरोघरची. पण मैत्रिणींनो, तीन वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचं मन आपल्याहून वेगळं असतं, हे पुरतं उमगलेलं नसतं.

१९८३ साली विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रियातल्या मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधील? लहानग्यांनी दाखवलं दुसरंच कपाट! जे मला ठाऊक, ते मॅक्सीलाही ठाऊक, असा त्यांचा सरळ हिशेब. चार-पाच वर्षांनंतर ही समज हळूहळू येते.

मग ढकललं तर गप्प बसायचं का? मुळीच नाही. हात धरून थांबवा. पण “तुलाही चिमटा काढून दाखवते” म्हणू नका. त्यातून तो चिमटा काढायलाच शिकेल. नुसतं “सॉरी म्हण” हीही पोपटपंचीच. त्यापेक्षा धाकटीजवळ बसवून दाखवा, “बघ, तू ढकललंस म्हणून तिचं कोपर खरचटलं. आता काय करू या?” ओला रुमाल त्यालाच आणू द्या.

एकदा सांगून भागणार नाही. पुन्हापुन्हा सांगावं लागेल. मात्र “दुष्ट” हा शिक्का मारू नका. तो शब्द मुलाला लवकर कळतो!