कडू घास

वऱ्हाडात अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. देह चितेवर ठेवला तरी चिखली-मेहकरकडचा माणूस ‘मातीला गेलो होतो’ असंच सांगतो. कोकणातल्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, ती खरोखर मातीच असते. गलबत फुटून बुडालेल्या पूर्वजांना अलिबागजवळच्या नवगावात पुरलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून वंश वाढला, अशी त्यांची परंपरा. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली.

दफनानंतर सात दिवसांचं सुतक. हिब्रूत ‘शिव्हा’ म्हणजे सातच. घरचे खाली बसतात, कामधंदा बंद असतो. अंगावरचा कपडा फाडलेला असतो. आईबाप गेले असतील तर डाव्या बाजूनं, काळजावर. आणि ती चीर पुढं कधीच नीट शिवून बुजवायची नाही. कित्येक घरांत आरसे झाकतात.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते पहिलं जेवण. ते घरच्यांनी रांधायचं नाही, शेजाऱ्यांनी आणायचं. त्यात अंडी किंवा मसूर, म्हणजे गोल पदार्थ, फिरत्या चक्रासारखे. आपल्याकडे दुःखाच्या घरी भावकी पिठलं-भाकरी पोचवते, त्याला कडू घास म्हणतात. चूल पेटवायचं बळ नसलेल्या माणसाला उपाशी राहू द्यायचं नाही, हे दोन्हीकडे शेजाऱ्याचं काम. भेटायला आलेल्यानं मात्र आधी बोलायचं नाही; शोकातल्या माणसानं तोंड उघडेपर्यंत नुसतं बसायचं. हे आपल्याला जमत नाही. ‘कसं झालं?’ हे दारातच विचारलं जातं.

सातानंतर दफनापासूनचे तीस दिवस पूर्ण होईपर्यंत पाळायचं. आईबापांसाठी मुलगा अकरा महिने ‘कद्दीश’ म्हणतो. बारा का नाहीत? पाप्याचा न्याय बारा महिने चालतो अशी समजूत आहे, आणि आपला बाप पापी होता असं मुलानं सुचवू नये. या अरामी प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही. आहे ती फक्त देवाची स्तुती.

पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. रिवाजानं दहा पुरुष लागतात. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं, तेव्हा दहा जण जमवण्याची अडचण नव्हती. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. कोकणातल्या गावांत आता एखाददुसरं घर उरलंय. तिथं कुणी गेलं की आधी फोन होतात, अलिबागला, पनवेलला, मुंबईला. नऊ जण जमले, तरी दहावा दारात येईपर्यंत कद्दीश थांबतो.