काळ्या पाषाणातले स्टिल्बाइट
दख्खनचा काळा पाषाण फोडला की कधीकधी आतल्या पोकळीत फिकट गुलाबी स्फटिकांचा झुबका दिसतो. मधोमध आवळून बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखा हा आकार म्हणजे स्टिल्बाइटची, एका झिओलाइट खनिजाची, ठळक खूण. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढले. मोह्स मापावर स्टिल्बाइटची कठीणता ३.५ ते ४, म्हणजे चाकूने ओरखडा उठतो. झिओलाइट असल्याने त्याच्या सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या जाळीदार चौकटीत पाणी असते. तापवले की ते निघून जाते. चौकटीत कॅल्शियम जास्त की सोडियम, यावरून १९९७ पासून स्टिल्बाइटच्या दोन जाती मानतात. सोबत सापडणारे देखणे अपोफिलाइट मात्र झिओलाइट नव्हे. सिन्नरला गेलात तर अशा खनिजांचे गारगोटी संग्रहालय चुकवू नका.