हाताला पेलेल तीच दुर्बीण

मैत्रिणींनो, दुर्बीण ही बायकांनी विकत घ्यायची वस्तू आहे, असं आपल्याकडे अजून फारसं कुणाला वाटत नाही. ट्रिपला गेलं की ती ‘ह्यां’च्या गळ्यात असते, मग मुलांकडे जाते आणि आपला नंबर लागेपर्यंत पक्षी भुर्रकन उडालेला असतो. म्हणूनच मनोरीच्या आमच्या महिला मंडळात यंदा दुर्बीण घ्यायची चर्चा निघाली, तेव्हा गंमतही वाटली आणि समाधानही.

त्याचं झालं असं, गावातल्या दोन कॉलेजकन्यकांनी मंडळाकडे मागणी केली. मार्व्याहून बोटीने सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना ओहोटीच्या वेळी खाडीकाठी न्यायचं, तिवरं नि पक्षी दाखवायचे आणि त्याचे थोडे पैसे घ्यायचे, असा त्यांचा बेत. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कुरव, तुतारी, चिखल्या असे कितीतरी पाहुणे पक्षी आपल्या किनाऱ्यावर उतरतात. मुलींना त्यांची नावं पाठ होती, पण साध्या डोळ्यांना चिखलातले ते करडे ठिपके सारखेच दिसायचे. मंडळाने शिलकीतून दहा हजार रुपये काढायचे ठरवलं. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

दुकानदाराने अर्थातच सगळ्यात मोठी दुर्बीण पुढे केली. “ताई, वीसपट जवळ दिसतं!” ती उचलली तर वजन किलोच्या घरात. त्या मुलीने डोळ्याला लावली आणि समोरच्या इमारतीवरचा कावळा नुसता थरथरत राहिला. दुर्बीण जितकी मोठं दाखवते, तितकंच आपल्या हाताचं कापणंही मोठं करते. शिवाय वीसपट दाखवणाऱ्या काचेत दिसणारा भाग अगदी चिंचोळा असतो. तेवढ्यात उडता पक्षी शोधणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून गाव बघणं!

दुर्बिणीवर ८×३२, १०×२५ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता दुसऱ्याला पहिल्याने भागा. ३२ भागिले ८ म्हणजे ४. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटरचा. २०×५० मध्ये तो जेमतेम अडीच, आणि पर्समध्ये मावणाऱ्या १०×२५ मध्येही अडीचच! भर उन्हात तेवढं चालतं, पण पहाटे तिवरांच्या सावलीत सगळं काळवंडतं. म्हणून आठपट पुरे. ८×४२ मध्ये उजेड जास्त येतो, पण वजन साधारण सहाशे-सातशे ग्रॅम होतं. ८×३२ अर्ध्या किलोच्या आसपास राहते. तीन तास गळ्यात वागवायची तर हा फरक मानेला चांगलाच कळतो.

आणखी काही गोष्टी दुकानातच पाहून घ्या. चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहा. डोळ्याकडची रबरी कडी खाली करून पूर्ण गोल दिसला पाहिजे, कडा कापल्या जाता कामा नयेत. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका स्वच्छ गोल हवा, चौकोनी कोपऱ्यांचा नको. काचेवर हिरवी-जांभळी झाक चांगली, भडक लाल लेपाला भुलू नका. कमी-जास्त झूम होणारी दुर्बीण स्वस्तात घेऊ नये, तिच्यात चित्र पुसट येतं. जुन्या सिनेमातल्या कप्तानाकडे असते तशी रुंद खांद्यांची दुर्बीण त्याच पैशांत बहुधा जास्त स्पष्ट दाखवते, सरळ नळ्यांची हलकी नि आटोपशीर असते. आमच्या मुलींनी हलकीच पसंत केली, ८×३२, दहा हजारांच्या आत. तिचा बारीक पट्टा मानेला काचत होता. मंडळाच्या शिलाई मशीनवर त्यांनी रुंद कापडी पट्टा शिवला, काम फत्ते!

खाऱ्या हवेत दुर्बीण जपावीही लागते. भिंगावर मिठाचे, वाळूचे कण असतात, ते आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने झटकायचे, मगच मऊ कापडाने पुसायचं. पदराने मुळीच नाही! पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची. आणि सूर्याकडे तर कधीच रोखायची नाही.

एका आजोबांनी विचारलंच, “पोरींना कशाला शिकाऱ्यांचे शौक?” त्यांचंही एका अर्थी खरं आहे. हलकी, दूरचं स्पष्ट दाखवणारी काच शिकाऱ्यांनाही लागायचीच. आपल्या मुंबईचे सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचे. त्यातलीच एक, गळ्यावर पिवळा डाग असलेली, घेऊन ते १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत चौकशीला गेले आणि पुढे जन्मभर पक्ष्यांचेच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला वेसण घातली, १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पार बंद झाली. बंदूक गेली, दुर्बीण राहिली, आणि ती आता आपल्या मुलींच्या हाती येतेय, यात वाईट काय?

परवा त्यातल्या एकीच्या आईने मासळीची पाटी खाली ठेवून पहिल्यांदाच दुर्बीण डोळ्याला लावली. खाजणात लांब वाकड्या चोचीचा कोरल चिखल उपसत होता. “याला चिंबोरी गावली बघ,” त्या म्हणाल्या, “आता पाय झटकून टाकील नि मग गिळील.” पक्ष्याने अगदी तसंच केलं. पुस्तकातून नावं पाठ केलेल्या लेकीने लगेच वही काढली. पाहुण्यांना सांगायला याहून चांगलं काय मिळणार!

तेव्हा तुम्हीही दुर्बीण घ्यायला जाल, तेव्हा ती वापरणारीला सोबत न्या. तिच्या हातात द्या, पाच मिनिटं धरू द्या. हात भरून आला नाही, तर खुशाल पैसे मोजा.