स्वीडनमधलं डेट्रॉइट

१९५९ सालची कॅडिलॅक लांबीला २२५ इंच भरते. म्हणजे पावणेएकोणीस फूट. मीटरमध्ये सांगायचं तर ५.७२. रुंदी दोन मीटरच्या वर. स्वीडनमध्ये पार्किंगची आखलेली जागा साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असते. गाडी पार भिंतीला टेकवली तरी मागचे ते प्रसिद्ध पंख पाऊण मीटर बाहेरच राहतात. त्यात पेट्रोल अमेरिकेपेक्षा कितीतरी महाग आणि हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकलेलं. अशा देशात ही गाडी कोण पाळणार? पण पाळतात. सुतार पाळतात, वेल्डर पाळतात, ट्रकचालक आणि कागद गिरणीतले कामगार पाळतात.

१९७८ साली स्वीडनमध्ये ‘पॉवर बिग मीट’ हा जुन्या अमेरिकन गाड्यांचा मेळावा सुरू झाला. वर्षानुवर्षं तो जुलैच्या सुरुवातीला वेस्तेरोस शहरात भरायचा, अलीकडे लिदशॉपिंगला भरतो. युरोपभरातून हजारोंनी गाड्या येतात. शेव्हरोले बेल एअर, फोर्ड मस्टँग, डॉज चार्जर, ब्यूक, प्लिमथ. दिवसभर मैदानात उभ्या राहायच्या आणि उजेड मावळता मावळत नाही अशा उत्तरेकडच्या संध्याकाळी शहरातून संथ फेऱ्या मारायच्या. काही गाड्यांचा रंग आरशासारखा लखलखतो. शेजारचीच एखादी गंजलेली, दरवाजे चार रंगांचे, मागच्या सीटवर सहा जण दाटीवाटीनं बसलेले. दोन्ही तितक्याच हक्काच्या.

या वेडाचं मूळ १९५० च्या दशकात आहे. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला, त्यामुळे कारखाने शाबूत राहिले आणि युद्धानंतर कामगाराच्या हातात पैसा खेळू लागला. अमेरिकन गाड्या देशाला नव्या नव्हत्या. जनरल मोटर्सनं १९२४ मध्ये कोपनहेगनला, १९२५ मध्ये अँटवर्पला आणि १९२८ मध्ये स्टॉकहोमला जुळणीचे कारखाने काढले होते. याच १९२८ साली कंपनीनं आपल्या मुंबईत, शिवडीलाही जुळणी सुरू केली. त्या काळात शेव्हरोले ही मुंबईकराला आणि स्टॉकहोमकराला सारखीच परिचित होती. फरक पुढे पडला. डॉक्टर आणि व्यापाऱ्यांनी वापरून विकलेल्या मोठ्या अमेरिकन गाड्या स्वीडनमध्ये कमी पैशांत मिळू लागल्या आणि त्या गावाकडच्या तरुण पोरांनी घेतल्या. या पोरांना ‘रागरे’ हे नाव पडलं. तेल लावून मागे फिरवलेले केस, रॉक अँड रोल, रात्री बाजारपेठेतून चकरा. वर्तमानपत्रं घाबरली, आईबाप घाबरले. १९५९ मध्ये ऊले हेलबूम यांनी या पोरांवर चित्रपटच काढला, त्याचं नावही ‘रागरे!’

स्वीडनमध्ये तेव्हा वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालायची, पण बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डाव्याच बाजूला असायचं. समोरून येणारी गाडी नीट दिसायची नाही, त्यामुळे ओव्हरटेक करणं जिवावरचं काम. अखेर ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता साऱ्या देशानं एका झटक्यात बाजू बदलली आणि डेट्रॉइटहून आलेली गाडी तिथल्या रस्त्यावर जशीच्या तशी चपखल बसली.

१९७३ चं तेलसंकट खरं तर या गाड्यांच्या मुळावर यायचं. घडलं उलटं. अमेरिकेत आठ सिलिंडरच्या अजस्र गाड्या लोकांना नकोशा झाल्या, त्यांच्या किमती कोसळल्या. १९८० च्या सुमारास एका डॉलरला सव्वाचार स्वीडिश क्रोनर पडत होते. स्वीडिश हौशी मंडळींनी ही संधी साधली. कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा कोरड्या हवेच्या राज्यांतून, जिथे पत्र्याला गंज चढत नाही, तिथून गाड्या हुडकून त्या जहाजानं आणल्या. १९८५ पर्यंत डॉलर दुप्पट महागला, तोवर बरंच काही घरी येऊन पोहोचलं होतं.

गाडी आणणं तुलनेनं सोपं. तिला युरोपच्या रस्त्यावर कायद्यात बसवणं हे खरं काम, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रस वाटतो तो इथेच.

मागच्या दिव्यांचंच घ्या. जुन्या अमेरिकन गाडीत मागे प्रत्येक बाजूला एकच लाल दिवा असतो आणि तोच तीन कामं करतो. बल्बमध्ये दोन तारा असतात. मंद तार रात्रीच्या दिव्याची, प्रखर तार ब्रेकची. वळायचं म्हटलं की हीच प्रखर तार लुकलुकते. युरोपात मात्र इंडिकेटर नारिंगी आणि ब्रेकपासून वेगळा हवा. आता नुसता नारिंगी बल्ब लावून भागत नाही, कारण ब्रेकच्या स्विचकडून निघालेली वायर थेट दिव्याकडे जातच नाही. ती आधी स्टिअरिंगच्या दांड्यातल्या इंडिकेटरच्या स्विचमध्ये शिरते आणि तिथून डाव्या-उजव्या दिव्याकडे फुटते. म्हणून मिस्त्री स्टिअरिंगच्या बुडाशी असलेला जोड उघडतो, ब्रेकची वायर त्यातून सोडवतो आणि नवी वायर गालिच्याखालून थेट डिकीपर्यंत ओढतो. इंडिकेटरच्या वायरी मोकळ्या झाल्या की त्यांना नवं घर शोधायचं. बरेच जण रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्यात नारिंगी बल्ब बसवतात. बाहेरून गाडीच्या रूपाला धक्का लागत नाही, आत सगळा व्यवहार बदललेला असतो. जर्मनीत तर १९७० पूर्वी पहिल्यांदा नोंदलेल्या गाडीला मागे लाल इंडिकेटर चालतो. म्हणजे १९६९ ची मस्टँग सुटते आणि १९७१ ची अडकते.

ब्रेकचा प्रश्न अधिक गंभीर. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गानं जातं. कुठेही एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. १९६७ च्या मॉडेलांपासून जवळपास सगळ्यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे केले. दोन टनांची गाडी, चार ड्रम आणि महामार्गावर आजच्या वेगानं धावणारी रहदारी हे गणित जमत नाही. म्हणून दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक हा बदल जवळजवळ प्रत्येक जाणता मालक करतो. गाडी मूळ रूपातच हवी असा हट्ट धरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण ब्रेकच्या बाबतीत तो हट्ट मला पटत नाही. रस्त्यावर इतरांचीही लेकरं असतात.

इंजिनाचं दुखणं पेट्रोलमधून आलं. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा पातळ थर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीवर बसायचा आणि तिला झिजू द्यायचा नाही. शिसं गेलं, थर गेला. उपाय म्हणून हेड उतरवून त्यात कठीण पोलादाच्या बैठका ठोकून बसवतात. १ ऑगस्ट २०२१ पासून स्वीडनमधल्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या, बुचाचे गॅस्केट खातं. शहाणे मालक ९८ ऑक्टेनचं पेट्रोल घेतात, कारण त्यात इथेनॉल कमी, आणि संधी मिळताच नळ्या बदलून टाकतात. त्यासाठी लागणारे पाने इंचाचे. शेजारच्या व्होल्व्होचे मिलिमीटरचे पाने इथे कामाला येत नाहीत, उलट बोल्टच्या कडा खराब करतात.

हे सगळं तपासतं कोण? स्वीडननं १९६३ मध्ये वाहनतपासणीसाठी एक कंपनी स्थापली आणि १९६५ पासून ठरावीक काळानं गाडी दाखवणं सक्तीचं झालं. २०१० मध्ये या कंपनीची मक्तेदारी संपली. पण ज्या गाडीचं रूपच पालटलंय, म्हणजे चासीला हात लावलाय, इंजिन आणि सस्पेन्शन वेगळं आहे, तिच्यासाठी वेगळी वाट आहे. वाहन बांधणाऱ्या हौशी लोकांची एसएफआरओ नावाची राष्ट्रीय संघटना आहे. तिचे तपासनीस, ज्यांनी बहुधा स्वतःही गाड्या बांधलेल्या असतात, काम चालू असतानाच येऊन पाहतात. वेल्डिंग कसं झालंय, स्टिअरिंगचे सांधे कुठे आलेत, ब्रेकचं प्रमाण बरोबर आहे का. त्यांचा दाखला मिळाला की सरकारी नोंदणीची तपासणी. हौशी माणसाच्या हाताला कायद्यानं जागा ठेवली आणि त्या हातावर लक्ष ठेवायला त्याच्याच जातकुळीचा जाणकार नेमला, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

तीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथे वाहनकर नाही. २०१८ च्या मे महिन्यापासून पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ठरावीक काळाची तपासणीही माफ झाली. शिवाय हिवाळ्यात गाडी ‘रस्त्यावर नाही’ अशी नोंद करून ठेवता येते. कोठारात ती निवांत उभी राहते, मालक मिठापासून तिचा पत्रा वाचवतो आणि त्याच चार-पाच महिन्यांत वायरिंग, गिअरबॉक्स, सीटची शिवण अशी लांबलेली कामं उरकून घेतो.

जर्मनीचा स्वभाव वेगळा. तिथे १९९७ पासून तीस वर्षांवरच्या जतन केलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची पाटी मिळते. इंजिन दोन लिटरचं असो वा सात लिटरचं, वर्षाचा कर १९१ युरो ७३ सेंट. शहरांच्या प्रदूषणमुक्त पट्ट्यांतही या गाड्यांना मज्जाव नाही. मात्र बदल करायचे तर त्या काळाला शोभतील असेच, ढोबळमानानं गाडी बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत जे करता आले असते तेवढेच. मस्टँगला १९६५ मध्येच पुढचे डिस्क ब्रेक मागणीनुसार मिळत होते, तेव्हा ते खपून जातात. आधुनिक रुंद चाकं आणि डिजिटल काटे लावले की पाटी गमावण्याची पाळी येते.

जकातीतही हीच मेख आहे. तीस वर्षांवरची, मूळ अवस्थेतली, उत्पादन थांबलेली गाडी युरोपीय संघात संग्राह्य वस्तू म्हणून येऊ शकते. मग आयातशुल्क लागत नाही आणि व्हॅटही जर्मनीत १९ ऐवजी ७ टक्के, नेदरलँड्समध्ये २१ ऐवजी ९ टक्के बसतो. अमेरिकेतच कुणी इंजिन आणि सांगाडा बदलून ठेवला असेल, तर ही सवलत हुकते. त्यामुळे जाणकार आधी मूळ रूपातली गाडी आणतात आणि हत्यारं मागाहून बाहेर काढतात.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. त्या डॉज-प्लिमथ मुंबईनं टॅक्सी म्हणूनही वापरल्या. त्यातल्या टिकलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज नोंदणीचे नियम आणले. वय पन्नासच्या वर, सांगाडा, चासी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. जतनासाठी हे चांगलंच पाऊल आहे. पण उत्पादकानं दिलेल्या मूळ स्वरूपात बदल नको, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्येही स्पष्ट केलं होतं. त्यामुळे हातात कला असलेल्या आपल्या मिस्त्रीला नवं काही रचून, ते रीतसर तपासून घेऊन रस्त्यावर आणण्याची स्वीडिश वाट इथे मोकळी नाही. अशी वाट असावी असं मला मनापासून वाटतं.

स्वीडनमध्ये ही वाट पंधराव्या वर्षी सुरू होते. महायुद्धात ट्रॅक्टर मिळेनात तेव्हा शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी कापून ट्रॅक्टर बनवले आणि १९४० मध्ये सरकारनं त्याला मान्यता दिली. वेग आटोक्यात आणायला दोन गिअरबॉक्स एकामागे एक जोडायचे. एका स्वस्त दुकानसाखळीच्या नावावरून त्यांना ‘एपा’ म्हणू लागले. त्यांचाच कायदेशीर वारस ‘ए-ट्रॅक्टर’. तो कमाल ३० किलोमीटर वेगाचा, मागे मंदगती वाहनाचा लाल त्रिकोण लावलेला, आणि मोपेडचा परवाना असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना चालवता येणारा. २०२३ मध्ये त्यात सीटबेल्ट आणि हिवाळी टायर सक्तीचे झाले. बहुधा एखादी जुनी व्होल्व्होच कापलेली असते, पण वेल्ड कसं पकडतं, गिअरचं प्रमाण कसं काढायचं, तपासनीस कुठे टॉर्च मारतो, हे सारं ती पोरं वडिलांच्या किंवा काकांच्या शेडमध्ये तिच्यावरच शिकतात. अठराव्या वर्षी मोटारीचा परवाना हाती येतो आणि मग शेव्हरोलेच्या जाहिराती चाळायला सुरुवात होते.